तीळ, गूळ आणि एकच पेटी

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात सगळे ज्याला लाडाने बिअर्डी म्हणतात तो दाढीवाला सरडा. आणि प्रश्न असा आहे की, घरी पाळलेले असे दोन सरडे एका पेटीत ठेवता येतात का. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांचा कुकर गॅसवर आहे त्यांना निश्चिंतपणे उठता येईल. ठेवू नयेत. एका पेटीत एकच. दोन नर नकोत, नर-मादीची जोडी नको आणि ‘दोन्ही माद्याच आहेत’ या भरवशावर दोन माद्याही नकोत.

हा प्राणी आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपल्याकडे बागेच्या कुंपणावर दिसणारा सरडा आणि हा बिअर्डी हे दोघेही अ‍ॅगॅमिडी या एकाच कुळातले आहेत. विणीच्या दिवसांत गळा लालभडक करून कुंपणाच्या काठीवर जोर काढणारा नर सरडा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला आहे, आणि त्या काठीवर दुसरा नर आला की काय होते तेही पाहिलेले आहे. बिअर्डीचे तसेच आहे. फक्त त्याचा गळा लाल न होता काळा होतो आणि फुगतो. व्हिक्टोरियाच्या वायव्य टोकाला मिल्ड्युराच्या बाजूने कोरड्या प्रदेशात गाडीने गेलात, तर उन्हाळ्याच्या सकाळी कुंपणाच्या खांबांवर ऊन खात बसलेले बिअर्डी दिसतात, आणि एका खांबावर एकच बसलेला असतो. मोकळ्या रानात न पटलेल्या सरड्याला पुढच्या खांबाकडे निघून जाता येते. चार फुटी काचेच्या पेटीत पुढचा खांबच नसतो, आणि पुढची सगळी अडचण त्यातून निर्माण होते.

आता तुम्हाला तीळ आणि गूळ यांची हकीकत सांगते. ती सांगायला मला फार आवडते, त्यामुळे थोडा वेळ जाईल.

मेलबर्नच्या पश्चिमेकडील उपनगरात राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने जानेवारीत मुलांसाठी बिअर्डीचे एक पिल्लू घ्यायचे ठरवले, रीतसर परवाना काढला, आणि दुकानातून येताना दोन पिल्ले आणली, कारण विक्रेत्याने ‘एकटे कंटाळेल, जोडी न्या’ असे सांगितले होते. संक्रांतीचा आठवडा असल्यामुळे नावे तीळ आणि गूळ अशी पडली. दोन्ही पिल्ले तेव्हा तळहातावर मावतील एवढी होती आणि त्यांच्यात डावे-उजवे करता येत नव्हते. मुले शाळेत, आईवडील नोकरीवर. त्यामुळे दिवसभर त्या पेटीसमोर बसणारे माणूस म्हणजे वाईहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजी. (परदेशातल्या मुलाबाळांकडे आलेल्या आजी-आजोबांना आपण बाळ सांभाळायला आणि लोणची आणायला बोलावतो, आणि त्यांच्या निरीक्षणशक्तीचा काडीचाही उपयोग करून घेत नाही, असे माझे जुने मत आहे, पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.)

घरच्यांना जे दिसत होते ते असे. सकाळी दिवा लागला की गूळ लाकडाच्या ओंडक्यावर, थेट दिव्याखाली जाऊन पसरत असे. तीळ त्याच्याजवळ आला की गूळ भराभर मान हलवायचा आणि तीळ जागीच थांबून एक पुढचा पाय वर उचलून गोल फिरवायचा. मुले म्हणायची, ‘बघा, तीळ टाटा करतोय.’ दुपारी कधीकधी गूळ तिळाच्या पाठीवरच चढून झोपायचा. त्या दृश्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले, पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत सगळ्यांनी त्यावर हृदये उमटवली, आणि ‘भावाभावांनी असे राहावे’ असा अभिप्राय एका काकांनी दिला.

आजींनी मात्र ते छायाचित्र पाहून सुनेला विचारले, ‘अगं, प्रेम कसलं यात? एसटीत खिडकीची जागा धरावी तशी त्याने जागा धरली आहे.’ आणि आजींचे शंभर टक्के बरोबर होते. सरडा हा बाहेरच्या उष्णतेवर चालणारा प्राणी आहे. दिव्याखालच्या जागेचे तापमान साधारण 38 ते 42 अंश सेल्सियस असावे लागते, कारण तेवढी ऊब मिळाल्याशिवाय त्याला खाल्लेले पचत नाही. आणि अतिनील किरणांच्या नळीचा प्रकाश अंगावर पडल्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ पडतात. पेटीत अशी उत्तम जागा एकच असते. पाठीवर चढून बसणारा सरडा खालच्याला मिठी मारत नसतो, तो त्याच्या वाट्याचे ऊन घेत असतो. तिळाचा तो टाटासुद्धा टाटा नव्हता. पाय फिरवणे ही या जातीत नमते घेण्याची खूण आहे: मी लहान आहे, मला मारू नकोस. दिवसातून किती वेळा तरी तीळ हेच सांगत होता आणि घरातले त्याला हात हलवून उत्तर देत होते.

आजी नुसते बोलून थांबल्या नाहीत. त्यांनी भारतातून बॅगेत घालून आणलेले कॅलेंडर स्वयंपाकघरात लावले होते, आणि जन्मभर दुधाचे खाडे ज्या पद्धतीने मांडले त्याच पद्धतीने त्यांनी तिळाच्या आणि गुळाच्या जेवणाचे खाडे मांडायला सुरुवात केली. ज्या दिवशी रातकिडे खाल्ले त्या दिवशी चौकट मोकळी. ज्या दिवशी खाल्ले नाहीत त्या दिवशी ‘ती’ किंवा ‘गू’ आणि पुढे फुली. मी ते कॅलेंडर डोळ्यांनी पाहिले आहे. फेब्रुवारीच्या पानावर गुळाचा एकही खाडा नाही, आणि तिळाचे खाडे महिन्याच्या सुरुवातीला तुरळक, मग एक दिवसाआड आणि शेवटी सलग असे दाट होत गेलेले दिसतात. (मोबाइलमधल्या कॅलेंडरवर हे दाट होत जाणे एका नजरेत कधीच दिसले नसते, असे माझे ठाम मत आहे.) शिवाय दर रविवारी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात एकेकाला बसवून आजी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करत आणि रविवारच्या चौकटीत लिहीत. मार्चच्या मध्यावर गूळ 142 ग्रॅम भरला आणि तीळ 66. एकाच वेळी, एकाच दुकानातून आणलेली पिल्ले, आणि एक दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जिवाणू पसरू शकतो, त्यामुळे त्या काट्यावर पुन्हा कणीक मोजली गेली नाही, हे सूनबाईंनी मला आवर्जून सांगितले. तुम्हीही वेगळा काटाच ठेवा.

त्याच रविवारी वजन करताना आजींच्या लक्षात आले की तिळाच्या मागच्या पायाच्या एका बोटाचे टोक नाही आणि शेपटीचा शेवट काळपट, सुकलेला आहे. ‘पालीसारखी नवी येईल,’ असे नातू म्हणाला. येत नाही. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा उगवते, बिअर्डीची एकदा गेली की गेली. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे दोघांना नेले, तेव्हा त्यांनी शेपटीच्या मुळाखालचे दोन फुगवटे आणि मांड्यांखालच्या छिद्रांची रांग दाखवून दोघेही नर असल्याचे सांगितले, तिळाच्या विष्ठेत जंतांची अंडी प्रमाणाबाहेर असल्याचे तपासून सांगितले, आणि त्याच संध्याकाळी दोघांना वेगळे करायला सांगितले.

दुसरी पेटी आली आणि पहिल्या पेटीच्या शेजारी ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गूळ काचेला तोंड लावून, दाढी काळी करून, जबडा उघडून उभा होता आणि पलीकडे तीळ पाय फिरवत होता. पेट्या दोन झाल्या होत्या, तरी भीती तशीच राहिली होती, कारण काचेतून दिसत होते. आजींनी माळ्यावरून इडलीपात्राचे खोके काढले, त्याचा पुठ्ठा कापला आणि दोन पेट्यांच्या मध्ये उभा केला. पुठ्ठा लागल्यानंतर चौथ्या दिवशी तिळाने चिमट्यातून रातकिडा घेतला. एप्रिलच्या शेवटी आजी परत गेल्या, तेव्हाच्या रविवारी तिळाचे वजन 118 ग्रॅम लिहिलेले आहे.

श्रोतेहो, या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घ्या: रक्त निघेल अशी मारामारी एकदाही झाली नव्हती. पेटीत शांतता आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे बहुतेकांना वाटते. पुन्हा सांगते, शांतता म्हणजे सलोखा नव्हे. एकाने हार मानलेली असली तरी शांतताच दिसते. हरलेला सरडा दिव्याखाली येत नाही, उबेअभावी खात नाही, न खाल्ल्याने अशक्त होतो, आणि अशक्त प्राण्यात जंत आणि कॉक्सिडियासारखे परोपजीवी बळावतात. एक पेटी म्हणजे एकच जमीन आणि एकच पाण्याचे भांडे, म्हणून एकाचे दुखणे दुसऱ्याला सहज होऊ शकते. बिअर्डींमध्ये आढळणारा अ‍ॅडिनोव्हायरस हा विषाणू तर काही प्राण्यांच्या शरीरात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो आणि सोबतच्या पिल्लाला मात्र मारू शकतो.

नर-मादीच्या जोडीबद्दल थोडक्यात सांगते. नर मादीला उसंत देत नाही, मान धरून चावतो. मादी एका खेपेला साधारण वीसेक अंडी घालते, एका हंगामात अशा अनेक खेपा होऊ शकतात, आणि एकदाच्या मीलनानंतर नराला दूर केले तरी साठवलेल्या शुक्रजंतूंवर ती पुढची अंडीही फलित करू शकते. त्या सगळ्या अंड्यांचे कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते.

‘मग दोन माद्या ठेवू’ असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. माद्यांमध्येही वरचढ आणि दबलेली असा भेद होतो. दुसरी गोष्ट, पिल्लू लहान असताना ते नर की मादी हे खात्रीने सांगणे अवघड असते. या जातीत तर निसर्गानेच गुंता करून ठेवला आहे: अंडी 32 अंशांहून अधिक तापमानात उबवली गेली, तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लेही मादी म्हणून जन्माला येतात, आणि हे प्रयोगशाळेबाहेर रानातही घडते, असे कॅनबेरा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले. अशा उलटलेल्या माद्या सामान्य माद्यांपेक्षा अधिक धीट वागतात, असेही नंतरच्या अभ्यासात आढळले. दुकानदाराने पाटी लावली म्हणून ती गरीब मादी ठरत नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात असे दिसून आले की, एका बिअर्डीने डोक्याने दार सरकवलेले पाहून दुसरे बिअर्डी तेच शिकतात. तेव्हा हा प्राणी समाजप्रिय असलाच पाहिजे, असे काही जण म्हणतात. दुसऱ्याचे पाहून शिकता येणे आणि दुसऱ्यासोबत राहावेसे वाटणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पिल्लांची पैदास करणारे जाणकार लोक पिल्ले एकत्र वाढवतात हे खरे आहे, पण ते आकारानुसार सतत वेगळी करतात, दिवसातून अनेकदा खायला घालतात, आणि तरीही तुटलेली बोटे त्यांच्याकडेही दिसतातच.

ज्यांच्या घरी आत्ता या क्षणी दोन बिअर्डी एका पेटीत आहेत, त्यांनी दुसरी पेटी येईपर्यंत थांबू नये. हवेसाठी भोके पाडलेला, झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणि त्याच्या एका टोकाला वरून दिवा, एवढ्यावर काही दिवस निभावता येते, मात्र डब्याचे तापमान थर्मामीटरने पाहावे आणि दिवा प्लॅस्टिकला टेकू देऊ नये. प्रौढ बिअर्डीला प्रत्येकी निदान 120 सेंटिमीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद पेटी, स्वतःचा दिवा आणि स्वतःची अतिनील नळी लागते. पेटीत मधोमध काच बसवून दोन भाग करू नयेत. एकमेकांना दिसणार नाहीत अशाच पेट्या हव्यात. मादी नरासोबत राहिलेली असेल, तर तिला ओलसर वाळू-मातीचा खोल डबा द्यावा, कारण जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि ते जिवावर बेतते. दोघांचीही ताजी विष्ठा पशुवैद्यांकडे तपासायला द्यावी, जो धष्टपुष्ट दिसतो त्याचीसुद्धा.

आणि दोन पेट्या ठेवणे जमणारच नसेल, तर एक दुसऱ्या घरी द्यावा लागेल. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन्ही राज्यांत घेणाऱ्याकडेही स्वतःचा परवाना असणे आवश्यक आहे, तेव्हा सरडा हाती देण्यापूर्वी तो पाहून घ्या. मूळचा इथलाच प्राणी आहे म्हणून त्याला रानात सोडून देऊ नका. ते बेकायदेशीर आहे, आणि पेटीतला विषाणू त्याच्यासोबत रानातल्या सरड्यांपर्यंत जाऊ शकतो.