थेंबाला टोक नसतं

श्रोतेहो, नमस्कार.

हाताशी कागद असेल तर त्यावर पावसाचा एक थेंब काढून बघा. वर निमुळतं टोक, खाली गोल पोट, असाच काढलात ना? मीही इतकी वर्षं तसाच काढत आलो. पण हवेतून पडणाऱ्या थेंबाला असं टोक नसतं. ते दिसतं नळाच्या तोंडाशी, पाणी सुटता सुटता. मान बारीक होते, तुटते, आणि पुढच्याच क्षणी ते टोक थेंबाच्या पोटात ओढलं जातं.

ओढतो पृष्ठताण. कमीत कमी पृष्ठभागात मावायचं, एवढीच पाण्याची धडपड असते, आणि त्यासाठी गोलासारखा दुसरा आकार नाही. थेंब जितका लहान, तितकी ही पकड घट्ट. ढगातला साधारण थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. त्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १४ हजार पास्कलने जास्त असतो. समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा जवळजवळ सातवा हिस्सा! अशा गोळीला वारा काय वाकवणार?

थेंब मोठा झाला की मात्र गणित फिरतं. पकड सैल होते आणि वेगही वाढतो. १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर पडतो, ५ मिलिमीटरचा सुमारे ९ मीटर. समोरून येणारी हवा त्याला खालून दाबते. तीच हवा कडेने सुसाट निसटते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि थेंब बाजूंना फुगतो. दोनेक मिलिमीटरपर्यंत हा फरक डोळ्याला जाणवण्याइतका नसतो. त्यापुढे थेंब खाली चपटा, वर घुमटासारखा होतो. म्हणजे आपण काढलेल्या चित्रात सगळ्यात चूक जर काही असेल, तर ते खालचं गोल पोटच!

बरं, तो आकारही स्थिर नसतो. थेंब थरथरतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये याचं सूत्र मांडलं. त्यात २ मिलिमीटरचा थेंब घालून बघितला, तर सेकंदाला सुमारे १२० कंपनं निघतात.

१९०४ च्या सुमारास जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी वर जाणाऱ्या हवेच्या झोतावर थेंब तरंगत ठेवून पाहिले. थेंब पडत असताना त्याच्यामागे धावता येत नाही, म्हणून हवाच त्याच्यावर सोडायची. मला ही युक्ती फार आवडते. अशा झोतात खूप मोठा थेंब सोडला, तर त्याचं पोट खालून आत जातं आणि तो उघडलेल्या छत्रीसारखा फुगतो. वरचा पातळ पडदा फाटून त्याचा तुषार होतो, आणि काठाच्या जाड कड्याचे थोडे मोठे थेंब होतात. म्हणून ५-६ मिलिमीटरहून मोठे थेंब पावसात क्वचितच सापडतात.

हा चपटेपणा हवामानखात्यांच्या रडारला मात्र पथ्यावर पडला आहे. नवी रडार आडव्या आणि उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, अशा दोन्ही रेडिओलहरी सोडतात. रिमझिम पावसाच्या गोल थेंबांवरून दोन्ही सारख्याच परततात. टपोरा थेंब रुंद, त्यामुळे त्याच्याकडून आडवी लहर जास्त जोरात येते. गार मोठी असली तरी बहुधा कोलांट्या खात पडते; कधी आडवी, कधी उभी. तिच्याकडून येणाऱ्या लहरींत फारसा फरक उरत नाही. त्यावरून मग ढगात टपोरा पाऊस आहे की गारा, याचा अंदाज बांधतात.

नमस्कार.