पाण्यापाशी थांबायचं

नमस्कार श्रोतेहो. उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत घराघरांत सुरू झाले असतील. यंदा वाघ बघायचाच, असं तुमच्या घरात ठरत असेल, तर आज माझ्याबरोबर ताडोबात चला.

ताडोबा म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं जंगल. १९५५ सालचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. २०२२च्या गणनेत राज्यात ४४४ वाघ मोजले गेले, आणि त्यांतले कितीतरी याच पट्ट्यातले. तरीही तिथं जाऊन वाघ न बघता परत आलेली माणसं मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी एकच सांगते, तुम्हालाही सांगते. जंगलात शिरायचं एक गेट धरा. सफारीच्या निदान तीन फेऱ्या ठेवा. आणि पाण्यापाशी थांबा.

हे मला शिकवलं माझ्या आत्यानं आणि मोहर्लीच्या एका गाईड मुलीनं.

मे महिना होता. आत्याचं वय बहात्तर. लहानपण वर्धेकडच्या खेड्यात गेलेलं, रात्री वाघाचा आवाज ऐकलेला, पण डोळ्यांनी वाघ कधी बघितलेला नाही. ‘एकदा दाखव गं,’ एवढंच ती म्हणायची. आम्ही मोहर्ली गेटच्या तीन फेऱ्या घेतल्या. पहिल्या दोन कोरड्या गेल्या. कोणीतरी सांगायचं, तेलिया तलावावर वाघीण दिसली, की सगळ्या जिप्सी तिकडे सुटायच्या. आम्हीही सुटलो. धुळीनं आत्याचं पातळ लाल झालं. वाटेत रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले उंच दगडी खांब लागतात. दर खांबापाशी आत्या हात जोडत होती.

तिसरी फेरी दुपारची. गाईड जवळच्याच गावातली, विशीतली पोर. एका लहानशा पाणवठ्यापाशी तिनं गाडी थांबवायला सांगितली. म्हणाली, “आजी, इथंच थांबू. सकाळचा पगमार्क, वाघाच्या पंजाचा ठसा, पाण्याकडं गेला आहे, वापस आला नाही.” तेवढ्यात बाजूनं चार जिप्सी धुरळा उडवत गेल्या, चला म्हणून हात करत. माझा जीव वरखाली झाला. शेवटची फेरी! पण आत्या म्हणाली, “पोरी, तू म्हणशील तसं.”

चाळीस मिनिटं. ऊन असं की जिप्सीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. एक मोर येऊन पाणी पिऊन गेला. चितळांचा कळप आला, पण पाण्याला तोंड न लावता नुसताच उभा राहिला. मग वानर खाकरलं. मग बांबूच्या बेटामागून सांबराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, आला, एकच, मोठा, ढँक! गाईडनं माझ्या मनगटावर हात ठेवला. चितळं पांगली.

आणि ती आली. कुठून आली ते कळलंच नाही. बांबूची सावली होती, आणि त्या सावलीतच ती होती. सरळ पाण्यापाशी आली आणि वळली. आमच्याकडे तोंड करून, आधी मागचे पाय पाण्यात घालून, अंगणातल्या टाक्यात बसावं तशी हळूहळू उलटी बसली. डोळ्यांत पाणी गेलेलं वाघाला आवडत नाही, म्हणून तो असा बसतो, असं तिथले लोक सांगतात. मग तिनं मान वळवून पाणी प्यायला सुरुवात केली. लप्, लप्, लप्. तो आवाज आम्हाला ऐकू येत होता. कानांच्या मागचे पांढरे ठिपके दिसत होते. एक माशी नाकावर बसली, तशी तिनं नुसता कान हलवला.

मी आत्याकडे बघितलं. पदर तोंडाशी धरलेला, डोळे भरलेले. दहा-बारा मिनिटं ती वाघीण पाण्यात होती आणि आमच्या गाडीत कोणीही शब्द बोललं नाही. मोबाईल गेटवरच ठेवलेले, त्यामुळे फोटो एकही नाही. पण त्या दिवसाचं सगळं आत्या आजही जसंच्या तसं सांगते.

तर, पुन्हा सांगते. एक गेट, तीन फेऱ्या, पाण्यापाशी थांबणं. गाईडला आधीच सांगून ठेवा, आम्हाला पळापळ नको. तो खूश होईल, कारण त्याला जंगल वाचता येतं आणि आपण त्याला वाचू देत नाही.

थोडं वेगळं बोलते, पण बोलायलाच हवं. आपण वाघ बघायला पैसे मोजतो. त्याच वाघाच्या शेजारी तिथल्या बायका पहाटे मोहफुलं वेचायला जातात, तेंदूपत्ता तोडायला जातात, आणि त्यांतल्या काही परत येत नाहीत. म्हणून राहायचं तर शक्यतो गावातल्या माणसाच्या घरी राहा, गावातच जेवा. तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी खाऊन बघा. आपला पैसा त्या घरांत जायला हवा, असं मला फार वाटतं.

आणि पाणी घरूनच न्या. आमच्या घरात फिरकीचा पितळी तांब्या होता, प्रवासात तोच असायचा. प्लास्टिकच्या बाटल्या जंगलाच्या रस्त्यावर बघवत नाहीत हो.

आता बाकीचं भरभर सांगते. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, तेही बरंच आधी. शनिवार-रविवारी दर जास्त असतो. मंगळवारी जंगल बंद. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद. गाभ्याचं बुकिंग मिळालं नाही तर हिरमुसू नका, आगरझरी, जुनोना, देवाडा या बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतालच्या जंगलाच्या, गेटांनी जा. वाघाला गाभा आणि बफर वेगळे कळत नाहीत. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात बरोबर ठेवा. एका जिप्सीत सहा जण बसतात. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो, तेव्हा डोक्याला ओला पंचा बांधा आणि म्हाताऱ्या माणसांना दुपारच्या फेरीआधी कांदा आणि ताक द्या. आत्याला आम्ही तेच दिलं होतं.

नमस्कार.