साण्यातला उजेड

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला खिडक्या थोड्याच असतात. उजेड येतो तो छताला ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून. अंबाजोगाई तालुक्यातल्या या घरात सकाळी अकराच्या सुमारास उतरलेला हा कवडसा चुलीच्या धुरात खांबासारखा उभा राहतो. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि ज्वारीची भाकरी यांचे फोटो आम्हाला याच उजेडात, साध्या मोबाइलवर काढायचे होते. येसर भाजणे-दळणे आम्ही पोहोचण्याआधीच उरकले होते.

पहिला फोटो वाया गेला. थेट उन्हात वाटीची सावली काळीकुट्ट पडली आणि भाकरी पांढरीफटक झाली. फ्लॅश लावल्यावर तर आमटी चिखलासारखी सपाट दिसली. आपल्याकडच्या जेवणाला रूप नाही असे म्हणणाऱ्यांनी बहुधा ते फ्लॅशमध्येच पाहिलेले असते.

मग या घरच्या मावशींनी फडताळातून जुने पांढरे धोतर काढले. ते कवडशात ताणून धरताच उन्हाऐवजी कापडावरचा उजळलेला भाग दिव्याचे काम करू लागतो, आणि उजेडाचा हा पट्टा वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावलीची कड मऊ होत जाते. म्हणूनच धोतर छतापाशी न धरता ताटाच्या शक्य तितके जवळ आणले आहे. ताट थोडे अलीकडे ओढल्यावर उजेड वाटीच्या मागच्या अंगाने येतो, तर्री चमकते आणि धुराने काळ्या पडलेल्या भिंतीसमोर वाफ स्पष्ट उमटते. अलीकडची बाजू अंधारात राहते, तिथे उजेड परतवायला लग्नपत्रिकेची कोरी पांढरी पाठ उभी केली आहे.

ट्यूबलाइट बंदच ठेवावी, कारण तिचा आणि उन्हाचा रंग एकमेकांत मिसळत नाही. स्टीलच्या ताटात आपल्या हाताचे प्रतिबिंबही उतरते, त्यामुळे जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे जुने, काळपट ताट घेतले. गडद आमटी पाहून मोबाइल सगळेच चित्र उजळ करतो. मोबाइलच्या पडद्यावर भाकरी दिसते तिथे बोट दाबून धरले आणि उजेड किंचित खाली ओढला, की पापुद्र्यावरचे करपलेले ठिपके असे एकेक मोजता येतात.

पुढे हे फोटो बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेले आणि येसराला मागणी आली. तोवर इथे कवडसा ताटावरून सरकून उतरंडीवर चढला आहे.