वीस सेकंदांची सहा वर्षं

(पडद्यावर: पाण्याचा खड्डा, अगदी जवळून)

स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावायची शर्यत. तिच्यातला हा खड्डा नीट बघा. लांबी ३.६६ मीटर. अडथळ्याच्या पायथ्याशी पाणी ५० सेंटिमीटर खोल (जुन्या खड्ड्यांत ७०), पुढे तळ चढत जातो आणि पाणी उथळ होतं. म्हणजे उडी जितकी लांब, तितका पाय कमी बुडणार. उडी आखूड पडली की बूट जड, लय गेली, आणि पुढचा लॅप अंगावर येतो. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये हा खड्डा सात वेळा आणि साधे अडथळे २८ वेळा ओलांडायचे. एकूण ३५.

(पडद्यावर: मांडव्याची पायवाट, सकाळ)

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. शाळा सहा किलोमीटरवर, जायला वाहन नाही. अविनाश साबळे कधी चालत, कधी पळत शाळा गाठायचा. ऑलिम्पिकचं स्वप्न तेव्हा कुठून असणार? बारावी झाली की मिलिटरीत भरती व्हायचं, घराला हातभार लावायचा, एवढंच. तो महार रेजिमेंटमध्ये लागला. सियाचिनचा बर्फ झाला, राजस्थानची वाळू झाली. २०१५ मध्ये सैन्याच्या क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब शर्यतीत, उतरला. स्टीपलचेस त्याहून नंतरचं, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून.

समोर एक जुना आकडा होता: ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये केलेला राष्ट्रीय विक्रम, ३७ वर्षं कुणाला न हललेला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशनं तो मोडला. ८:२९.८०. जेमतेम एका सेकंदानं!

मला या कहाणीत सगळ्यात जास्त भिडतो तो हाच एक सेकंद. तो लहान म्हणून त्यानं सोडला नाही.

पुढचा आकडा ऑलिम्पिक पात्रतेचा, ८:२२. दोहा, २०१९ ची जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे अडखळला, तरी ८:२५.२३, नवा विक्रम. भारतानं अपील केलं, ते मान्य झालं आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तीन दिवसांनी ८:२१.३७. क्रमांक तेरावा, पण टोकियोचं दार उघडलं.

मग पतियाळा, टोकियो, तिरुवनंतपुरम, मोरोक्कोचं रबात. प्रत्येक ठिकाणी स्वतःचाच विक्रम मोडला. कुठे एक सेकंद, कुठे दोन, कुठे जवळजवळ चार.

(पडद्यावर: बर्मिंगहॅम, २०२२, शेवटचे शंभर मीटर)

राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं घ्यायची, हा १९९८ पासूनचा शिरस्ता. इथे शेवटच्या सरळ पट्ट्यात केनियाचा अब्राहम किबिवॉट पुढे आणि त्याच्या खांद्याला खांदा भिडवून मांडव्याचा पोरगा. ८:११.१५ आणि ८:११.२०. पाच शतांश सेकंदांनी सोनं हुकलं, रौप्य आलं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सोनंही आलं.

७ जुलै २०२४, पॅरिसची डायमंड लीग, म्हणजे ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-मालिकेतली एक स्पर्धा. ८:०९.९१. राष्ट्रीय विक्रम मोडण्याची ही त्याची दहावी वेळ. भुवनेश्वरपासून हिशेब धरला तर १९.८९ सेकंद कमी झाले, जवळपास सहा वर्षांत. ३५ अडथळ्यांवर वाटले, तर एका अडथळ्यामागे अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त.

त्या शर्यतीत तो सहावा आला. महिनाभरानं, त्याच पॅरिसमध्ये, ऑलिम्पिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच एक भारतीय पुरुष उभा होता.