जवळ कडाडतो तो लाल, लांब घुमतो तो काळा

आत्ता जो विजेचा आवाज ऐकलात ना, डोक्यावरच फुटल्यासारखा, तो लाल देव. आणि मागून लांबून आली ती घुमघुम, तो काळा देव. केनिया आणि उत्तर टांझानियातल्या मासाई लोकांच्या जुन्या गोष्टीत असंच आहे.

काळा म्हणजे एन्काई नारोक, दयाळू. लाल तो एन्काई नान्योकी, तापट. दुष्काळात गुरं मरायला लागली तेव्हा काळा म्हणाला, चल, माणसांना थोडं पाणी देऊ, लाल कसाबसा तयार झाला पण जरा पाऊस पडतोय तोवर म्हणे बास आता, आणि तेव्हापासून लाल माणसांना मारायला खाली यायला बघतो आणि काळा त्याला मागून थांबवतो, राहू दे, नको. आता बघा, वीज जवळ पडली की खरंच तडकन आवाज येतो आणि लांब पडली की गडगडत येतो, म्हणजे घाबरायचं नेमकं कधी ते गोष्टीत बरोबर बसलंय! आणि एन्काई या शब्दाचा अर्थ देव, आभाळ आणि पाऊससुद्धा. गुरांवर जगणाऱ्यांना हे तीन वेगळे करायची गरजच काय?

हा समोर दिसतोय तो ओल दोइन्यो लेंगाई, म्हणजे देवाचा डोंगर, उत्तर टांझानियातल्या नेट्रॉन तलावाजवळ. जिवंत ज्वालामुखी आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला तो 1100 अंशांच्या आसपासचा, इथला मात्र जेमतेम 500-600 अंशांचा, बाहेर येतो काळा आणि हवेतल्या ओलाव्याने थोड्या दिवसांत पांढरा पडतो. असा लाव्हा ओकणारा दुसरा जिवंत ज्वालामुखी जगात नाही. देवाने राहायला जागा बरी निवडली.

सूर्याची गोष्ट तर घरगुतीच आहे. त्याची बायको चंद्र (चांदोबाला मामा म्हणणाऱ्यांना जरा जड जाईल, पण तिकडे ती बायकोच). एकदा दोघांची मारामारी झाली, तिने त्याचं कपाळ फोडलं, त्याने तिचं तोंड ओरबाडलं आणि एक डोळा काढला. जखमा लोकांना दिसतील म्हणून सूर्य लाजला आणि इतका तळपायला लागला की कोणी वर बघूच नये, ती काही लाजली नाही, म्हणून डाग अजून दिसतात.

आणि हाच चंद्र लीयो नावाच्या माणसाच्या गोष्टीतही येतो. देवाने त्याला सांगितलं होतं, मूल मेलं की म्हणायचं, माणसा, मर आणि परत ये, चंद्रा, मर आणि तिकडेच राहा. पहिलं मेलेलं मूल दुसऱ्याचं होतं, तर लीयोने मुद्दाम उलटं म्हटलं. पुढे स्वतःचं मूल गेलं तेव्हा तो धावत गेला आणि बरोबर शब्द म्हणाला. देव म्हणाला, आता उशीर झाला, पहिल्या मुलाच्या वेळीच तू सगळं बिघडवलंस.

चंद्र अमावस्येनंतर परत आला. मूल नाही आलं.