चाहूल लागली, पुढे काय?

मित्रहो, डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, पात्र घेऊन फासे टाकत खेळायच्या खेळात टेबलावर कुणी रोग (rogue, म्हणजे लपतछपत शिरणारं चोराचं पात्र) खेळायला बसलं की बऱ्याच गेम मास्टरांच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांच्या, पोटात गोळा येतो. आपण रात्र जागून किल्ला रचायचा, चौकीवर तगडा सरदार बसवायचा, आणि हा गडी भिंतीच्या कडेकडेने थेट खजिन्यापाशी! मग आपण प्रत्येक दाराला रोल, म्हणजे फाशाची फेक, मागतो. पहारेकऱ्यांचे कान एकाएकी तिखट होतात. कधी ना कधी फासा दगा देतोच, की आपली ठरलेली लढाई सुरू. खेळाडूने हौसेने घडवलेलं पात्र आपण असं मोडीत काढतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जरा हिशेब मांडू. एका रोलला यशाची शक्यता ८० टक्के आहे असं धरा. पाच वेळा रोल करायला लावलात तर पाचही जमण्याची शक्यता उरते जेमतेम ३३ टक्के. चौघे जण जाताहेत, प्रत्येकाची शक्यता ७० टक्के, आणि एक सापडला की सगळे सापडले असा तुमचा नियम असेल, तर २४ टक्के. तोंडाने तुम्ही ‘जा’ म्हणालात, पण वाट बंदच केलीत. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत यावर ग्रुप चेकचा उपाय आहे: निम्म्या जणांचं जमलं की सगळ्यांचं जमलं. चिलखत खणखणवत चालणाऱ्या पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, रोगने सांभाळून न्यायचं. हा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात चोराचा वर्गच (पात्राचा प्रकारच) नव्हता, तो १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. त्याआधी दबकत जाणं हे ज्याचं त्याने पाहायचं काम होतं, हे ध्यानात असू द्या. माझं म्हणाल तर एका टप्प्याला एकच रोल. परिस्थिती बदलेपर्यंत तोच आकडा चालू ठेवावा.

आता जागेविषयी. आपल्याला नकाशा शोधायला लांब जायची गरज नाही, आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला आहे. खाली डोंगर नाही, म्हणून तटबंदी दुहेरी, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. खंदक पार केला, बाहेरचा तट चढला, आणि गडी दोन तटांच्या मधे उतरला. पुढेही भिंत, मागेही भिंत. इथे नुसतं ‘स्टेल्थ टाक’ (लपण्याचा रोल कर) म्हणू नका. त्याला दिसतंय ते सांगा. गस्तवाल्याच्या हातात मशाल आहे. नियमाप्रमाणे तिचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत, त्यापुढे आणखी २० फूट अंधुक. साध्या गार्डचं पॅसिव्ह पर्सेप्शन (रोल न करता आपसूक चाहूल लागण्याचा आकडा) १२, अंधुक उजेडात नजरेपुरतं ते ७ वर येतं. चाळीस फुटांपलीकडे त्या माणसाला डोळ्यांनी काहीच दिसत नाही, पण तो स्वतः मात्र मशालीमुळे सगळ्यांना दिसतो. हे खेळाडूला कळलं की तो आपणहून विचारतो, ‘मशाल कोपऱ्यावर वळायला किती वेळ लागतो?’ या प्रश्नासाठीच तर आपण सगळी मांडणी करायची.

आजच्या काळातला खेळ असेल तर यंत्रमागाचा कारखाना घ्या. रात्रपाळी चालू आहे, मागांची खटखट अशी की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. वॉचमनचे कान इथे निकामी, पण ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे शाबूत. तुमचं पात्र चादरींच्या गठ्ठ्याआड आहे. इतक्यात धागा तुटतो, एक माग थांबतो. लगेच दुसरा. आवाज उतरू लागतो आणि वॉचमन मान वर करतो. परिस्थिती बदलली; आता मागा दुसरा रोल. आणि तो का मागितला, हे टेबलावरच्या प्रत्येकाला समजलेलं असतं.

रोल फसला तर? फसला म्हणजे लगेच भोंगा वाजला असं नसतं. रात्री घरात भांडं पडलं तर आपण पोलिसांना फोन करत नाही. आधी कानोसा घेतो, मग दिवा लावतो, मग ‘मांजर असेल’ म्हणतो. पहारेकरीही माणूसच आहे. त्याला नुसती चाहूल लागू द्या. ‘कोण हाय बे तिकडं?’ असं ओरडू द्या आणि तिथेच थांबून खेळाडूकडे बघा. तो खडा भिरकावेल, श्वास रोखेल, पळेल किंवा ओळखीचा आव आणून पुढे होईल. त्यानंतर शोधाशोध, आणि तीही अंगाशी आली तर बोंब. या तीन पायऱ्यांत खेळाडूला दोनदा तरी सावरायची संधी मिळते, आणि खरी धडधड असते ती याच काळात.

सगळं जमलं तर आपली लढाई वाया जाईल, ही भीती सोडा. १६७० साली तानाजी मालुसरे रात्री कडा चढून कोंढाण्यावर गेले. चढणं बिनबोभाट झालं, तरी वर घनघोर लढाई झालीच. फक्त ती तटाच्या आतून सुरू झाली. रोगने कमावलेली जागा त्याला मिळू द्या. सरदार झोपलेला सापडला तर त्याला झोपलेलाच ठेवा.

राहिले ते बाहेर थांबलेले बाकीचे तिघे खेळाडू. त्यांना मोबाइलमध्ये डोकं घालू देऊ नका. आतला प्रवेश चालू असताना पहारेकऱ्यांच्या भूमिका त्यांच्याकडे सोपवा: एकाला झोप अनावर झालेली, एकाचं जोडीदाराशी भांडण झालेलं, एक नवाच, पहिल्याच रात्रीच्या पाळीवर. पात्रांना जे ठाऊक आहे ते पहारेकऱ्यांना ठाऊक नाही, एवढं बजावलं की पुरे. आपल्याच दोस्ताला शोधण्यात ते असे रंगतात की नंतर बाहेर थांबायला प्रत्येकजण तयार असतो.