कुंपण नसलेला तुरुंग

(दृश्य : पहाट. माळरान. पाटाचं पाणी. चिखलातली दोन पावलं, खोऱ्याचा आवाज.)

माणदेश. पावसानं कायम हुलकावणी दिलेला मुलूख. विहिरीला पाणी आहे तोवर पिकाला द्यायचं, म्हणून हा माणूस उजाडायच्या आत दारं धरायला आला आहे. एका वाफ्याचं दार मोडलं, दुसऱ्याचं बांधलं. त्याचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही. तशी अट होती आणि ती आम्ही पाळली आहे. हात मात्र नीट पाहा.

या हातांना खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली आहे. आत्ता दारं धरतानाही तो शिक्षाच भोगतो आहे.

(दृश्य : रस्ता, झाडं, बैठी घरं. कॅमेरा सावकाश फिरतो.)

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळची ही जागा. नाव स्वतंत्रपूर. सरकारी कागदांवर ‘खुली वसाहत’. भिंत शोधू नका. आमच्या कॅमेरामननं पहिला तासभर तीच शोधली.

(दृश्य : औंध. यमाईचा डोंगर. वस्तुसंग्रहालयाची दालनं, तैलचित्रं.)

गोष्ट सुरू होते इथून दूर, सातारा जिल्ह्यातल्या औंधला. बहात्तर गावांचं छोटं संस्थान. गावंही सलग नव्हती. आटपाडी एकीकडे, कुंडल भलतीकडेच. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी ते आयुष्यभर झटले. स्वतः चित्रं काढायचे, इतरांची जमवायचे. या दालनात उभं राहिलं की राजाचा जीव कशात होता ते कळतं. पण याच राजानं 1939 साली गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या हातातली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना लागू केली. तेव्हा शेजारची संस्थानं हसली असतील, असं आपलं आम्हाला वाटतं.

(दृश्य : जुनं छायाचित्र. खादीतला गोरा माणूस.)

हा मॉरिस फ्रिडमन. वॉर्सामध्ये जन्मलेला ज्यू इंजिनिअर. बंगळूरला वीजसामानाचा सरकारी कारखाना चालवायला आला आणि इथलाच झाला. खादी घातली, भारतानंद हे नाव घेतलं. गांधीजींना आवडलेली धनुष तकली, म्हणजे सूत कातायचं साधं साधन, याच्याच डोक्यातून निघालेली. भवानरावांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत त्याला औंधात घेऊन आले. राज्यघटनेच्या खटपटीतही तो होता. आणि त्यानंच तुरुंगाचा विषय काढला. या लोकांना कोठडीत कशाला ठेवायचं? जमीन द्या, बायकापोरांसह राहू द्या, पिकवू द्या.

आज हे बोलून दाखवायलाही धीर लागतो. राजानं तेव्हा हो म्हटलं. आटपाडीच्या माळावर जागा ठरली, शिक्षा झालेली माणसं आणली गेली आणि वस्तीला नाव मिळालं स्वतंत्रपूर. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ वर्षं होती.

(दृश्य : जुनी विहीर. रहाटाची खाच पडलेला दगड.)

1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं आणि कैद्यांची ही वसाहत सरकारकडे आली. गदिमांचं माडगूळ याच तालुक्यातलं. त्यांनी लिहिलेल्या, उघड्यावर ठेवलेल्या कैद्यांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ केला. तो चित्रपट आपल्याला पाठ असतो. ही विहीर बघायला मात्र फारसं कुणी येत नाही.

(दृश्य : हजेरीची वही. शाई पसरलेली पानं. मग शेत, शेळ्या, वाळत घातलेले कपडे.)

इथं थेट कुणी येत नाही. आधी बंदिस्त कारागृहात काही वर्षं काढायची. वर्तन चांगलं हवं, संचित रजेवर, म्हणजे शिक्षेदरम्यान मिळणाऱ्या सुट्टीवर, सुटल्यावर वेळेत परत आल्याची नोंद हवी, अंगात शेतीकामाची ताकद हवी. मग निवड समिती नावं काढते. खुल्या कारागृहांसाठी महाराष्ट्रात 1971 चे वेगळे नियम आहेत.

सकाळी हजेरी, दिवसभर काम, संध्याकाळी हजेरी. कामाची मजुरी मिळते. बंदिस्त तुरुंगापेक्षा माफीचे दिवस जास्त मिळतात, म्हणजे सुटकेची तारीख लवकर येते. पळून जायला वाट मोकळीच आहे. पण पळणाऱ्याची माफी जाते आणि पकडला गेला की पुन्हा बराक. शिवाय दोरीवर वाळणारे हे कपडे पाहा. त्यातला शाळेचा गणवेश कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. तो मागे टाकून कोण पळेल?

(दृश्य : दाराची कडी, जवळून. आतल्या बाजूनं.)

या वाटेनं पुढं येरवड्याला, पैठणला खुली कारागृहं झाली. राजस्थानात सांगानेरला 1963 पासून कैदी दिवसा गावात कामाला जातात, कमावतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. तिथं आमचा कॅमेरा गेला नाही, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

(दृश्य : मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत, बाहेरून. भेटीसाठी थांबलेल्या बायका.)

2022 अखेर देशातल्या कारागृहांत 4,36,266 जणांची जागा होती आणि आत होते 5,73,220. खुली कारागृहं होती 91. पहारा कमी लागतो, त्यामुळे खर्चही कमी येतो. तरी नव्या भिंतींनाच आधी मंजुरी मिळते.

स्वतंत्रपुरातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळत नाही, असं अधिकारी सांगतात. निवडूनच आणलेली माणसं ही, हेही खरं. देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा निकालच लागलेला नसतो, त्यामुळे त्यांना हे माळरान मिळू शकत नाही. आणि या हातांनी ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांच्या उंबऱ्याशी आम्ही कॅमेरा नेलेला नाही.

(दृश्य : संध्याकाळ. धूळ. शेतातून परतणारी माणसं, पाठमोरी. शिट्टी.)

हजेरी. कुणाच्या खांद्यावर खोरं, कुणाच्या हातात वैरणीची पेंढी. शिपाई नावं घेतो, एकेक ‘हजर’ येत जातं. सकाळी दारं धरणारा तो डावीकडून तिसरा.

रांगेच्या टोकाला एक पोरगंही येऊन उभं राहिलं आहे. वहीत त्याचं नाव नाही. शिपाई त्याच्यापाशी येऊन थांबतो.

पोरगं म्हणतं, “हजर.”

शिपाई वही मिटतो.

(दृश्य : रांग मोडते. चुलींचा धूर.)